पक्षी बघायला गेलेला कॅमेरा

नंदकुमारांच्या मते फोटो काढणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक फोटोग्राफर, आणि दुसरे फोनवाले. पहिल्या प्रकारातला माणूस ऐरोलीत आता एकच उरलाय, असं ते स्वतःहून कधी म्हणत नसत, पण समोरच्याला दुसरं नाव सुचू नये एवढी काळजी घेत.

त्यांचा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा. बँकेत नोकरीला असतानाच मेव्हण्याने सिंगापूरहून आणून दिलेला, चंदेरी, बटण दाबलं की लेन्स गोगलगायीसारखी डोकं बाहेर काढायची. निवृत्तीनंतरही तो शर्टाच्या खिशातून हलला नाही. सिक्कीमला गेले की बर्फाचे फोटो, गणपतीपुळ्याला गेले की समुद्राचे, आणि घरी असले की जे हाती लागेल त्याचे: नवा कुकर, मोगऱ्याची पहिली कळी, तोंडात घास घातलेला पाहुणा. सोसायटीच्या कमिटीवर निवडून आल्यापासून त्यात चुकीच्या जागी लावलेल्या स्कूटरींची भर पडली. "फ्रेमचे कोपरे बघायचे," ते सगळ्यांना सांगत. "मधलं काय, कुणालाही दिसतं. कोपऱ्यात कोण उभंय ते ज्याला दिसतं, तो फोटोग्राफर."

हे वाक्य लक्षात ठेवा. नंदकुमारांनी ठेवलं नाही.

एका सकाळी पोहे खाताना त्यांच्या मुलीने, प्राचीने, जाहीर केलं की ऑफिसातल्या दिपेशशी तिने लग्न ठरवलंय. मुलगा जासईचा, आगरी, घरचं बरं. "पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी ते आपल्याकडे येतायत," ती म्हणाली. "माझी एकच अट आहे. चौकशी करायची नाही. तुम्ही त्यांची नाही, त्यांनी आपली नाही. दिपेशने त्याच्याही घरी हेच सांगितलंय. कुणी केली, तर आम्ही नोंदणी करून मोकळे होऊ आणि पेढे घरपोच पाठवू."

नंदकुमारांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. एकुलती एक मुलगी. तिच्या मंगलाष्टकांच्या वेळी मांडवात उभं राहून डोळे पुसायचे, हे त्यांनी ती बालवाडीत असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. घरपोच पेढ्यांसमोर रडणारा बाप बरा दिसत नाही. त्यांनी ताबडतोब शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण रात्री त्यांनी बायकोपुढे विषय काढलाच. मुलीवर विश्वास होता, तरी चौकशीशिवाय सोयरीक त्यांच्या घराण्यात कुणी ऐकली नव्हती. त्यांचं स्वतःचं लग्न ठरत असताना सासऱ्यांनी कराडहून माणूस पाठवला होता. तो शेगडी दुरुस्तीवाला बनून त्यांच्या चाळीतल्या खोलीत आला, सगळं बघून गेला आणि जाताना चांगली चालणारी शेगडी बिघडवून गेला.

"आमचा माणूस निदान आत तरी आला होता," त्यांची बायको मीना म्हणाली. "तुम्ही नुसतं बाहेरून बघून या. बाहेरून बघणं म्हणजे काही चौकशी नव्हे."

"फोटो काढून आणतो. तुलाही दाखवता येतील."

"आणि प्राचीला दिसले म्हणजे?"

हा प्रश्न रास्त होता. प्राचीने घरातले सगळे फोन एकमेकांना असे जोडून ठेवले होते, की मीनाने तोंडल्यांचा फोटो काढला तरी तो संध्याकाळपर्यंत घरात सगळ्यांना दिसायचा. नंदकुमारांनी खिशावर हात ठेवला. "फोन कशाला? कॅमेऱ्यातली गोष्ट कॅमेऱ्यात राहते," ते म्हणाले. इतक्या वर्षांत कॅमेऱ्याचा हा गुण त्यांच्या कधी ध्यानात आला नव्हता, त्यामुळे त्यांना त्याचा अधिकच अभिमान वाटला.

रविवारी "खाडीवर फ्लेमिंगो बघायला चाललोय" असं प्राचीला सांगून ते स्कूटरवरून जासईला गेले. कंटेनरच्या ट्रेलरमागून धूळ खात गावात शिरले आणि नाक्यावर सुकट विकत बसलेल्या म्हातारीला त्यांनी दिपेशच्या वडिलांचं, देवजीशेटचं घर विचारलं.

"तो काय समोर बंगला हाय," म्हातारी म्हणाली. "तुमी कोन?"

"मी? मी पक्षी बघायला आलोय."

"देवजीच्या बंगल्याव?"

नंदकुमारांनी घाईघाईने समोरच्या तारेवर बसलेल्या कावळ्याचा फोटो काढला. म्हातारीने मान हलवली आणि परत सुकट निवडायला घेतली. शहरातली माणसं काय काय बघायला येतात, याचं तिला आता काही वाटत नसावं.

मग त्यांनी कामाला सुरुवात केली. तीन मजली पिवळा बंगला. फाटक. कुत्र्यांनी घाण करू नये म्हणून फाटकाबाहेर ठेवलेल्या निळ्या पाण्याच्या बाटल्या. झाकून ठेवलेली गाडी. आणि शेवटी झूम पूर्ण ओढून गच्चीवरची कपड्यांची दोरी. वाळत घातलेले कपडे म्हणजे घराची पत्रिका, असं त्यांचं मत होतं. दोरीवर नऊवारी होती, कडक पांढरे शर्ट होते आणि एका टोकाला पाठीवर भलंमोठं भोक पडलेलं बनियान होतं. ते भोक बघून नंदकुमारांचा जीव भांड्यात पडला. एवढा बंगला आणि आत असलं बनियान, म्हणजे माणसाकडे पैसा आहे पण माज नाही. मुलगी सुखात राहील.

घरी येऊन मीनाला फोटो दाखवून झाले. आता ते पुसायला हवे होते. पण दुपारच्या उन्हात बंगला असा काही उतरला होता, की हात धजेना. बटणं चाळता चाळता त्यांना किल्लीचं चिन्ह सापडलं. किल्ली म्हणजे कुलूप, आणि कुलूप लावलं की कुणाला दिसणार नाही, हा हिशोब सोपा होता. त्यांनी एकेका फोटोला किल्ली लावली आणि कपाटाला कुलूप घालावं तशा निश्चिंत मनाने झोपले. या चिन्हाचा खरा अर्थ सांगणारी पुस्तिका माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्याखाली होती.

नंतरच्या आठवड्यात त्यांनी सोसायटीच्या फाटकापाशी आडव्या लावलेल्या स्कूटरींचे फोटो काढले, नंबर टिपून मालकांना नोटिसा दिल्या, आणि तो रविवार उजाडला.

देवजीशेट भरदार गृहस्थ होते. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी. त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी घरच्या नारळांची पिशवी मीनाच्या हातात दिली. दिपेश सोफ्याच्या कडेवर, पडता पडता राहावा तसा बसला. ट्रॅफिकवर बोलून झालं, उकाड्यावर बोलून झालं, चिवडा फिरला, आणि मग कुणालाच काही सुचेना. चौकशी करायची नाही म्हटल्यावर माणसांनी एकमेकांना विचारायचं तरी काय?

तेवढ्यात दिपेशचं लक्ष नंदकुमारांच्या खिशाकडे गेलं. "काका, डिजिकॅम? आता परत फॅशन आलीय. आमच्या ऑफिसमधल्या मुली शोधून शोधून घेतायत. तुमचा तर एकदम विंटेज!"

कॅमेऱ्याबद्दल कुणीतरी चांगलं बोलून फार वर्षं झाली होती. नंदकुमारांना जावई तिथल्या तिथे पसंत पडला. "सिक्कीमचे फोटो बघायचेत?" ते म्हणाले. मीनाने डोळे वटारले. पण बंगला तर कुलपात होता, मग भ्यायचं कशाला? त्यांनी कॅमेऱ्याची वायर आणून टीव्हीला जोडली आणि भिंतीवर बर्फ पसरला.

"थंडी लय असंल," मालतीबाई सौजन्याने म्हणाल्या.

"उणे चार," नंदकुमार म्हणाले आणि पुढचं बटण दाबलं. पुन्हा बर्फ आला.

"काका, सारखं बटण कशाला दाबता? स्लाइड शो लावतो ना," दिपेश उठला, कॅमेऱ्यात दोन खटके केले आणि तो टीव्हीखाली ठेवून दिला. फोटो आपोआप पुढे सरकू लागले. बर्फ संपला, मीनाचा वाढदिवस झाला, कुकर येऊन गेला. तारेवरचा कावळा आला. आणि मग पिवळा बंगला आला.

"आमच्यासारकाच बंगला हाय," देवजीशेट कौतुकाने म्हणाले.

पडद्यावर निळ्या बाटल्या आल्या.

"बाटल्या पन तशाच." आता त्यांच्या आवाजातलं कौतुक जरा कमी झालं होतं.

नंदकुमार उठेपर्यंत गच्चीवरची दोरी आली. भोक टीव्हीवर परातीएवढं दिसत होतं.

"ह्यो तुमचा बनियान," मालतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "किती येला सांगितला, टाकून द्या. बगा आता, लोकांच्या टीव्हीवर आला."

नंदकुमारांनी कॅमेऱ्यावर झडप घातली आणि पुसायचं बटण दाबलं. बनियानावर मोठी किल्ली उमटली आणि खाली इंग्रजीत अक्षरं आली, की हा फोटो सुरक्षित आहे, पुसता येणार नाही. त्यांनी परत दाबलं. परत किल्ली आली, ती नेमकी भोकात. वायर उपटावी हे त्यांना संध्याकाळी सुचलं. त्या क्षणी त्यांनी घाबरून आणखी कुठलंतरी बटण दाबलं आणि स्लाइड शो पुन्हा सुरू झाला.

"बाबा," प्राची म्हणाली. "फ्लेमिंगो?"

"वाट चुकली."

प्राची ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे दिपेशकडे वळली. "उद्या रजा टाकतोस? नोंदणीचं विचारून येऊ."

देवजीशेट उभे राहिले. "सायेब, ही काय पद्धत झाली? मनात काय असंल तं तोंडावर विचारायचा. पोरानं सांगितला चौकशी नको, आमी बोललो नको. विषय संपला. कुनाच्या दारात जाऊन बगायचा, हे आमच्या रक्तात नाय."

ते बोलत होते आणि त्यांच्या मागे टीव्हीवर सोसायटीचं फाटक आलं होतं. मध्ये आडवी लावलेली स्कूटर. आणि डाव्या कोपऱ्यात, इस्त्रीवाल्या शालनच्या टेबलाशेजारी स्टुलावर, हातात कटिंग चहा घेतलेले भरदार गृहस्थ. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी.

"तो कोन बसलाय?" मालतीबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी बघितलं. देवजीशेटनी सगळ्यात शेवटी बघितलं. पुढच्या फोटोत स्कूटर दुसरी होती, पण स्टुलावरचा माणूस तोच, आता शालनकडे कान लावून वाकलेला.

"पप्पा," दिपेश फोटोखालची तारीख वाचत म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही वाशीला डोळे तपासायला गेला होतात ना?"

"तितंच चाललेलो," देवजीशेट खाली बसत म्हणाले. "दिसत नवता, म्हनून इकडं आलो."

या सगळ्यात नंदकुमारांना लागलं ते वेगळंच. तो फोटो त्यांनी स्वतः काढला होता, मोठा करून बघितला होता, स्कूटरचा नंबर टिपला होता. कोपरा बघितला नव्हता.

"मग काय म्हणाली शालन आमच्याबद्दल?" मीनाने विचारलं. तिला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

"चांगला बोलली. मानूस सरल हाय बोलली, फकस्त खिशात क्यामेरा ठेवतो."

"घरोघरी मातीच्या चुली," मीना म्हणाली, आणि मालतीबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. प्राची मात्र हसली नाही. तिने दिपेशला खूण केली आणि दोघं गॅलरीत गेली. सरकता दरवाजा बंद झाला.

आत दोन्ही बाप मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसवलेल्या मुलांसारखे शेजारी शेजारी बसून राहिले. काचेतून प्राचीचे हातवारे दिसत होते.

"आमच्याकडं हलदीला गाव जेवतो," देवजीशेट हळूच म्हणाले. "पेढे घरपोच आले तं तोंड काय दाखवू?"

"मला मंगलाष्टकांना रडायचं होतं," नंदकुमार म्हणाले. हे त्यांनी आजवर मीनालाही सांगितलं नव्हतं. देवजीशेटनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि चिवड्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

दरवाजा उघडला. "लग्न मांडवातच होईल," प्राची म्हणाली. दोघांनी एकदमच श्वास सोडला. "पण बाबा, लग्नात तुमचा कॅमेरा येणार नाही. आणि काका, तुम्ही लग्नात कुणाजवळ चहा प्यायला बसायचं नाही. ही शेवटची संधी आहे."

दोघांनी माना डोलावल्या. एवढ्या झटपट त्यांनी आयुष्यात काही कबूल केलं नव्हतं.

लग्न उरणच्या हॉलवर थाटात झालं. हळदीला गाव जेवलं. नंदकुमार मंगलाष्टकांना पोटभर रडले, आणि दर दोन मिनिटांनी रिकाम्या खिशाला हात लावून परत रडले. देवजीशेटची धाकटी लेक सुचिता हिच्यासाठी पनवेलचं एक स्थळ आलं होतं, ते लोकही लग्नाला येऊन गेले. त्यांच्याशी दोन्ही व्याही अतिशय सभ्यपणे, फक्त हवापाण्याबद्दल बोलले.

महिन्याभराने अल्बम आला. प्राची माहेरी आली होती. पानं उलटता उलटता ती एका फोटोवर थांबली. मध्ये ती आणि दिपेश, गळ्यात हार, चेहऱ्यावर हसू. ती बराच वेळ फोटोच्या उजव्या कडेकडे बघत राहिली आणि मग तिने अल्बम वडिलांपुढे धरला.

"बाबा, मागे कोण आहे?"

नंदकुमारांनी चष्मा लावला. कोपऱ्यात, हॉलच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या गाडीतळावर, पनवेलकरांच्या ड्रायव्हरच्या दोन बाजूंना दोन व्याही बसले होते. देवजीशेटच्या हातात चहाचा कप होता. नंदकुमार ड्रायव्हरकडे कान लावून वाकले होते.

नंदकुमारांनी फोटो जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे तिरका करून बघितला.

"फोटोग्राफर कच्चा आहे," ते म्हणाले. "कोपरे बघत नाही."