डोळ्यांवर पट्टी, हातात मेपल

जितेंद्र चौधरीने नेलपॉलिश मागितली तेव्हा मोहिनी पोळ्या लाटत होती. बिनरंगाची असेल तर बरं, असंही तो म्हणाला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"गिटारसाठी पाहिजे," तो म्हणाला.

"गिटार कुठे लग्नाला चाललीय का?"

जितेंद्र जळगावात शिकवणीवर्गात गणित शिकवायचा आणि उरलेल्या वेळात 'खान्देश गिटार मंडळ' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप चालवायचा. ग्रुपात एकशे सेहेचाळीस माणसं होती. गिटार तो वाजवायचा कमी, सांगायचा जास्त. मेपल लाकडाचा गुळगुळीत नेक, म्हणजे गिटारीची मान, मे महिन्यात तळहाताला कसा चिकटतो, शिसवीच्या फ्रेटबोर्डावर, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या पट्टीवर, लाकडाच्या रेषा कशा जाणवतात, काळ्या आबनूसवरून बोट कसं काचेवरून गेल्यासारखं जातं, यावर तो पानंच्या पानं लिहायचा. अमळनेरहून, भुसावळहून लोक त्याला विचारल्याशिवाय गिटार घेत नसत. त्याला चारचौघांत वाजवताना मात्र कोणी पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट कोणाच्या लक्षातही आली नव्हती.

ती आली धुळ्याच्या मयुरीच्या लक्षात. मयुरी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. तिची गिटार जुनी होती, नेक कशाचा ते तिला ठाऊक नव्हतं. आठवड्यापूर्वी तिने ग्रुपवर लिहिलं, 'चौधरी सर, डोळे बांधले तर तिन्ही लाकडं सारखीच लागतात.'

जितेंद्रने लिहिलं, 'तुम्हाला लागत असतील. माझे बांधून बघा.'

'बांधते,' मयुरीने लिहिलं. 'ओळखलं तर मी चुकले असं इथेच लिहीन. नाही ओळखलं तर रविवारी चोपड्याला हळदीचा कार्यक्रम आहे, आमचा दुसरा गिटारवाला नाहीये. तुम्ही यायचं.'

शंभर जणांनी ते वाचलं. मेहरूणमधल्या प्रेमराजने आपलं वाद्यांचं दुकान देऊ केलं. त्याच्याकडे एकाच कंपनीच्या तीन काळ्या गिटारी होत्या. धडाचे ठोकळे एकसारखे, फक्त नेक वेगळे: एक शिसवी, एक मेपल, एक आबनूस. आता मागे फिरायला जागा नव्हती.

"एवढं ओळखता येतं तर खुणा कशाला करताय?" मोहिनीने नेलपॉलिश देता देता विचारलं. पैज तिला माहीत होती, बाकीचं न सांगताच कळलं होतं.

"खात्री असावी म्हणून."

"तुम्हाला तुमच्या हाताची खात्री नाही?"

"हाताची आहे," जितेंद्र म्हणाला. "माझी नाही."

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तो दुकानात गेला. काहीतरी निमित्त हवं म्हणून त्याने तिन्ही गिटारी हातात घेऊन चेहरा गंभीर केला. "प्रेमराजभाऊ, फ्रेटबोर्ड फार कोरडे पडलेत. तेलाचा हात फिरवायला पाहिजे." प्रेमराज तेलाची बाटली शोधायला आत गेला. तेवढ्यात जितेंद्रने गिटारींच्या मागे, नेक जिथे ठोकळ्याला स्क्रूने जोडतात तिथे, ठोकळ्याच्या कडेला नेलपॉलिशचे थेंब सोडले. शिसवीला एक, मेपलला दोन, आबनूसला तीन. दिसायचे नाहीत, पण अंगठ्याला लागायचे. बाहेर पडताना त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस माणसं जमली. मयुरी धुळ्याहून एसटीने आली होती. तिने स्वतः त्याच्या डोळ्यांवर गमछा बांधला. पहिली गिटार मांडीवर आली.

हात नेकवर गेला मात्र, आणि जितेंद्र चमकला. गुळगुळीत. पॉलिशचा थर बोटांखाली घट्ट, तळहात किंचित चिकटलेला. हे मेपल होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो जे लिहीत आला होता ते त्याच्या बोटांना खरोखर लागलं, आणि त्याला इतका आनंद झाला की तो तोंड उघडणारच होता. पण अंगठा मागे पोचला होता. थेंब एकच होता.

एक म्हणजे शिसव. त्याने पुन्हा चाचपलं. एकच.

हात मेपल सांगत होता आणि अंगठा शिसव. हाताची सवय दहा वर्षांची होती, थेंब कालचा. जितेंद्रने थेंबावर विश्वास ठेवला.

"शिसव," तो म्हणाला. आणि गप्प बसणं त्याच्या स्वभावात नसल्यामुळे पुढेही बोलला, "उबदार आहे. रेषा अगदी मोजून घ्याव्यात अशा लागतायत."

मागे कोणीतरी खोकलं. दुसरी गिटार आली. ही काचेसारखी होती. पण थेंब दोन होते, म्हणून ती मेपल झाली. तिसरीच्या रेषा बोटांना स्पष्ट लागत होत्या. तिला तीन थेंब होते. "आबनूस," जितेंद्र म्हणाला. "हा थंडावा दुसऱ्या कशाला नाही."

गमछा सुटला. मांडीवरच्या गिटारीचा फ्रेटबोर्ड तपकिरी होता, लांबूनही कळावा असा. बाजूला पहिली उभी होती, तिचा फ्रेटबोर्ड साईसारखा पिवळसर.

"तिन्ही चुकल्या?" प्रेमराजलाच वाईट वाटलं. "अहो, काल तुम्ही म्हटलं तेल लावा, म्हणून बठ्ठे तिन्ही नेक खोलून नीट पुसून काढले मी. मग हाताला जो येईल तो बसवला. ठोकळे तर एकसारखेच ना."

जितेंद्रने तोंड उघडलं. पहिली मेपल आहे हे मला कळलं होतं, असं त्याला सांगायचं होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. पण मग शिसव का म्हणालात, असं कोणीही विचारलं असतं. त्याने गमछ्याची घडी घालायला घेतली.

"रविवारी चार वाजता," मयुरी म्हणाली. "काळी पँट घाला."

चोपड्याच्या मांडवात जितेंद्र मागच्या रांगेत, ढोलकीच्या आडोशाला उभा राहिला. ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळणाऱ्या सुपडूने त्याच्या शिसवी नेकच्या गिटारीत वायर खोचली आणि "वाजवा बिनधास्त" म्हणून गेला. पहिल्या दोन गाण्यांना त्याने तारांना जेमतेम बोट लावलं. तिसऱ्याला सुचलं तसे स्वर त्याने दाबले आणि मांडवात असा भरदार, गोड आवाज घुमला की त्याच्या अंगावर काटा आला. चुकीचा स्वर लागला तरी तो बरोबर ऐकू येत होता. मुलीची आत्या नाचता नाचता त्याच्याकडे बघून हसली. कार्यक्रम संपेपर्यंत जितेंद्र पुढच्या रांगेत आला होता.

सोमवारी सकाळी त्याने ग्रुपवर लिहिलं. परीक्षेचा उल्लेख त्याने एका ओळीत उरकला. पुढच्या साठ ओळी शिसवी फ्रेटबोर्डाबद्दल होत्या: तो खुल्या मांडवात कसा बोलतो, हळदीच्या गर्दीतही आवाजाची ऊब कशी सोडत नाही, वाजवणाऱ्याची छोटी चूक कशी पोटात घालतो. तेहेतीस अंगठे आले. अमळनेरच्या एकाने शिसवीवाली गिटार घ्यायचं नक्की केलं.

मग सुपडूचा मेसेज आला. तो ग्रुपात आहे हे जितेंद्रला माहीत नव्हतं. 'दादा, तुमनी गिटारनी लाइन पहिल्या गाण्यापासून बंद व्हती. मयुरीताईनं सांगेल व्हतं. आवाज बठ्ठा ताईनाच व्हता.'

  मोहिनीने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला, मोबाइलमध्ये डोकावून ते वाचलं आणि शेजारी बसली. पोस्ट काढून टाकावी म्हणून जितेंद्रचं बोट डिलीटच्या खुणेवर गेलंही. मग ते थांबलं. त्याने चहाचा घोट घेतला आणि टाइप करायला सुरुवात केली.

'सुपडूभाऊ, नेमका हाच माझा मुद्दा. वायर नाही, स्पीकर नाही, मध्ये काहीच नाही. त्यामुळे मला निव्वळ लाकूड ऐकता आलं. विजेवर वाजवणाऱ्यांना हे कधीच कळायचं नाही.'

एक्केचाळीस अंगठे आले. सगळ्यात पहिला मयुरीचा होता.