चालू मशीन बिघडवणारे हमीदभाऊ

माझ्या नागभीडच्या राइस मिलमध्ये एक माणूस चांगली चालणारी मशीन बिघडवायचा पगार घेतो. नाव हमीदभाऊ, हुद्दा फोरमन, आणि पगार देणारा शहाणा मी.

आयटीआय झालेली शिकाऊ मुलं आमच्याकडे एकेक करून वर्षभरासाठी येतात. काही ठिकाणी अशांच्या हाती आधी झाडू देतात. हमीदभाऊ सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन एखादी मशीन गुपचूप बिघडवून ठेवतात. कधी पट्टा सैल, कधी पुली जराशी तिरकी, कधी चाळणी उलटी. मग शिकाऊला समोर उभं करायचं आणि विचारायचं, "सांग, कुठी दुखून राह्यलं तिले?" पोरगं मान डोलवायला लागलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "समजलं, का समजल्यावानी करून राह्यला?"

सुरुवातीला मी जाम भडकलो. "हमीदभाऊ, मी धंदा करून राह्यलो, शाळा नाई काढली!"

ते हात पुसत म्हणाले, "शेठ, आज मी बिघडवली तं काय बिघडलं ते मले मालूम आहे. उद्या तिची ती बिघडली तं कोणाले मालूम राहीन?"

मी चरफडत गल्ल्यावर जाऊन बसलो.

पण खरं सांगतो, माझं भलं झालं. दिवाळीनंतर दारात धानाचे ट्रॅक्टर उभे असतात. तेव्हा मिल बंद पडली की पूर्वी मी नागपूरच्या मेकॅनिकच्या हातापाया पडायचो. तो "निघालोच" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी उगवायचा. आता आमची शिकाऊ मुलंच मशीन खोलतात आणि लावतात. वर्ष संपलं की त्यांना कुठंही काम मिळतं, कारण हातात नुसता कागद नसतो, हातही बसलेला असतो. बाकीचे मिलवाले माझ्यापुढं रडतात, चांगला माणूस मिळत नाही म्हणून. मी म्हणतो, अरे, मग तयार करायला काय धाड भरलीय तुम्हाला?

गेल्या वर्षी सुषमा आली. सिंदेवाहीकडची, धान पिकवणाऱ्या घरची. एक हमाल फिदीफिदी हसला, "आता पोरगी पाना धरन काय?" हमीदभाऊ म्हणाले, "पान्याले मालूम नाई पडत, हात कोणाचा आहे." विषय तिथंच संपला.

सुषमानं पहिल्याच महिन्यात नवंकोरं बेअरिंग ठोकून ठोकून वाकडं बसवलं आणि ती रडली. हमीदभाऊंनी तिला रडू दिलं, मग तेच काम पुन्हा करायला लावलं. पावसाळा संपेपर्यंत ती बिघाड असा पटापट ओळखायला लागली की हमीदभाऊंना नवीन बिघाड सुचेनात. भाभी वारल्यापासून हमीदभाऊ घरी एकटेच. डबा सुषमासोबत खायचे. तिच्या लाखोरीच्या भाजीत मीठ कमी आहे असं रोज सांगायचे आणि रोज डबा चाटूनपुसून साफ करायचे.

वर्ष संपत आलं आणि चंद्रपूरच्या एका मोठ्या कारखान्यानं तिला पक्क्या नोकरीवर बोलावलं. मीही म्हटलं, इथंच राहा, पुढं फोरमन तूच. हमीदभाऊंचे गुडघे गेलेत, त्यांना मशीनवर चढवत नाही. ती म्हणाली, "चाचा म्हणतीन तसं करीन." म्हणजे हमीदभाऊंनी एक शब्द टाकला की काम फत्ते. मी त्यांच्या मागे लागलो. ते नुसते "पाहू" म्हणाले.

शेवटच्या दिवशी ती निरोप घ्यायला आली. दुपारची बस होती, वडील बॅग घेऊन फाटकाशी उभे. हमीदभाऊ म्हणाले, "शेलर खराब झाली. पाहून जाजो."

धानाचं टरफल काढायची ती मशीन सुषमानं उघडली. रोलर पाहिले, पट्टा पाहिला, बेअरिंगं पाहिली. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. बसची वेळ होत आली. माझा पारा चढला. "हमीदभाऊ, बस जाईल तिची!"

शेवटी सुषमानं पाना खाली ठेवला. "चाचा, हिले काहीच झालं नाई."

हमीदभाऊंनी तोंड फिरवलं. "नाई झालं. मी हातच नाई लावला. तेवढाच वेळ थांबशीन म्हणून बोललो."

सुषमाचे डोळे भरले. "मी नाई जात चाचा. इथीच राह्यते."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पण हमीदभाऊ तिच्यावर असे खेकसले की वडीलही आत धावत आले. "काऊन? इथल्या मशीनी तुह्या पाठ झाल्या. तिथी नव्या आहेत, त्या कोण शिकन? माह्यासाठी थांबली तं सारं वर्ष फुकट गेलं माह्यं. चाल, उचल बॅग!"

बॅग त्यांनी स्वतःच उचलली, गुडघे दुखत असताना. बस सुटेपर्यंत स्टँडवर उभे राहिले.

परत आले ते थेट माझ्या टेबलापाशी. डोळे लाल होते, आवाज मात्र फोरमनचाच.

"शेठ, औंदा दोन शिकाऊ घ्या."

"दोन काऊन?"

"दोघं एकाच दिवशी तं नाई जाणार न."