गुडघेदुखीचा भाग

बाबा घरी परतले तेव्हा टीव्हीखालचा काळा बॉक्स जाऊन तिथे पांढरा आला होता. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला ते गेले होते. दोन तास रांगेत उभं राहून आपण अजून जिवंत आहोत असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं, आणि तेवढ्या वेळात चिरंजिवांनी घरची डिश बदलून टाकली.

"बाबा, हा बघा! एका वेळी चार चॅनेल रेकॉर्ड होतात यात," मुलगा म्हणाला.

"जुना कुठाय?"

"डिशची छत्री बसवायला आलेला छत्रीवाला घेऊन गेला. जुना द्या, नवा बसवून घ्या, अशी स्कीम होती."

बाबा चपला न काढताच सोफ्यावर बसले. नोकरीभर दुकानदारांचे काटे आणि मापं तपासलेला हा शिस्तीचा माणूस. त्यांना असं बसलेलं पाहून सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"त्यात तुझी आई होती," बाबा मुलाला म्हणाले.

आईला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्याआधी काही महिने टीव्हीवरच्या एका आरोग्याच्या कार्यक्रमात खुर्च्या भरायला म्हणून तिला मैत्रिणींनी ओढून नेलं होतं. विषय होता गुडघेदुखी. तिसरी रांग, डावीकडून दुसरी, चौदा सेकंद. तिचे फोटो घरात ढीगभर होते, पण मोबाइलचा कॅमेरा सुरू झाला की ती उठून जायची, त्यामुळे हलणारी-डुलणारी आई तेवढीच. घर रिकामं झालं की बाबा रोज दुपारी ते चौदा सेकंद लावून बसत. रेकॉर्डिंगच्या यादीत तो भाग जपून ठेवलेला पाहून मुलाची समजूत अशी, की बाबांना गुडघ्यांचं वेड लागलंय.

"अहो, मग आधी सांगायचं ना!" मुलगा म्हणाला.

"तू विचारलंस?"

सूनबाईने छत्रीवाल्याला फोन लावला. बॉक्स कंपनीच्या गोदामात जमा झाला होता. दुसऱ्या दिवशी तिघं गोदामात हजर. तिथे छतापर्यंत काळे बॉक्स रचलेले.

"नंबर काय?" गोदामवाल्याने विचारलं. बॉक्सचा नंबर आजवर कुणी सांगू शकलेलं नसावं, कारण तो विचारून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायला निघाला होता. बाबांनी बारा आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. अर्ध्या तासात बॉक्स हातात आला.

घरी येऊन तो जोडला, तर पडद्यावर अक्षरं उमटली: आपली सेवा बंद आहे. सेवा चालू असल्याशिवाय जुनं रेकॉर्डिंग उघडत नाही. सेवा बंद करायला मुलाने परवा फोनवर चाळीस मिनिटं घालवली होती, आता सुरू करायला पुन्हा चाळीस घालवली.

"सर, आम्हाला सोडून का गेला होतात?" पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"ते जाऊ द्या. आमची आई राहिलीय तुमच्याकडे."

पलीकडे कीबोर्ड वाजला. "सर, ही तक्रार कशात नोंदवू? सिग्नल की बिल?"

सेवा सुरू झाली, पण गच्चीवरची छत्री नव्या कंपनीकडे तोंड करून बसलेली. छत्रीवाल्याला पुन्हा बोलावलं. तो वर जाऊन छत्री फिरवत होता, सूनबाई खिडकीतून "आलं, गेलं, आलं!" ओरडत होती. अखेर चित्र स्थिर झालं आणि पाटी आली: नवीन ग्राहक म्हणून आपलं स्वागत. पुढे जायचं?

मुलाने घाईघाईत "होय" दाबलं.

बॉक्स दोन मिनिटं घुरघुरला. मग त्याने कळवलं: रेकॉर्डिंग शून्य, जागा भरपूर.

मुलगा उठून बाल्कनीत गेला. आईला आपण दुसऱ्यांदा घालवलं असं त्याला वाटत होतं, आणि हे बाबांना सांगायची त्याची छाती होत नव्हती. बाबा आत जुन्या बॉक्सची वायर गुंडाळत बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

वाट दाखवली ती छत्रीवाल्याने. "त्या चॅनेलवर जुनेच भाग फिरूनफिरून लावतात. छत्री परत नव्या कंपनीकडे फिरवून देतो, नव्या बॉक्सवर सगळी मालिका रेकॉर्डला टाका. कधी ना कधी येईलच."

बाबांनी पांढऱ्या बॉक्सची शिकवणी सूनबाईकडे लावली. कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते वहीत उतरवून घेतलं. मग मान आली, पाठ आली, खांदा आला, दोनदा टाच आली. बाबा प्रत्येक भागातली तिसरी रांग तपासत.

"बाबा, कालची मॅच कुठे गेली?"

"काढली. टाचेला जागा नव्हती."

एकेचाळिसाव्या दिवशी गुडघे आले. तिघं ओळीने बसले. चौदा सेकंद आले: आईने चष्मा सारखा केला, शेजारणीकडे पाहून हसली. सूनबाईने डोळे पुसले. बाबांचं रेकॉर्डिंग इथेच संपायचं. जुन्या बॉक्सवर एक चॅनेल रेकॉर्ड करताना दुसरं बघता येत नसे, आणि तेव्हा बाबांच्या बातम्यांची वेळ झाली होती. त्यांनीच बटण दाबून ते थांबवलं होतं.

नवा बॉक्स थांबला नाही. माइक तिसऱ्या रांगेत आला आणि आई उठून उभी राहिली.

"डॉक्टर, गुडघे बरे आहेत माझे. आमच्याकडे एक माणूस आहे. सदा टीव्हीसमोर. मी तीन महिने सांगतेय, जिना चढताना छातीत दुखतं. तो नुसता 'हं' म्हणतो. त्याला ऐकू यावं म्हणून काही औषध आहे का?"

टीव्हीतले सगळे खो खो हसले. डॉक्टरही हसले. म्हणाले, "बाई, हा रोग आमच्या हाताबाहेरचा!" आणि पुन्हा गुडघ्यांकडे वळले.

मुलाने रिमोट उचलला.

"काढून टाकू का, बाबा?"

"नको. मागे घे."

मुलाने चौदा सेकंदांवर आणून ठेवलं.

"ते नको. ती उठते तिथून लाव. आवाज वाढव."

आई पुन्हा उठली. बाबा पुढे सरकून कान देऊन बसले.

"...मी तीन महिने सांगतेय, जिना चढताना छातीत दुखतं."

"कुठे गं? कधीपासून?" बाबांनी विचारलं.

आईने आपला प्रश्न पुरा केला, आणि टीव्हीतले सगळे पुन्हा हसले.