कॅसेटवरची हजेरी

अप्पा गुरुजी वारले त्या दिवशी पोरं उसात होती. मातीला त्यांच्याबरोबर शाळेत शिकवणारा मी, त्यांचा किराणा दुकानवाला भाऊ आणि गावात मागं राहिलेली म्हातारी माणसं होतो. त्या दिवसापासून आमच्या शाळेत रिकाम्या वर्गाची हजेरी कुणी घेत नाही.

हो, रिकाम्याच वर्गाची. आमचं गाव शिरूर कासारजवळचं. दिवाळी झाली की ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जात, आणि त्यांच्याबरोबर अर्धी शाळा. गुढीपाडव्याला परतलेल्या पोरांना अभ्यास आठवत नसे. ती वर्गात यायला लाजत, गुरांमागे जात आणि शाळेपासून कायमची तुटत. गुरुजींना दर पाडव्याचं भय वाटे. भावानं दुकानात रंगीत टीव्ही आणला तेव्हा त्याचा जुना टेपरेकॉर्डर त्यांनी शाळेत आणला आणि रिकाम्या वर्गात बसून, एकेकाचं नाव घेत, ते कॅसेटवर शिकवू लागले.

प्रश्न विचारून ते गप्प बसत. पोराला उत्तर द्यायला वेळ नको का? बबनसाठी ते इतके थांबत की तेवढ्यात त्यांचा चहा होई. त्याचे भुरके कॅसेटवर ऐकू येत. मग म्हणत, "चूक. पुन्हा सांग." तिकडे उसाच्या फडात बबन हादरे, कारण उत्तर खरंच चुकलेलं असे. गप्प बसण्याआधीचं त्यांचं वाक्य ठरलेलं होतं: "बोल, ऐकायलोय मी."

कॅसेटी दुकानातल्या, भजनांच्या. भूगोलात मध्येच टाळ वाजत. टोळी नेणारा मुकादम हंगामात गावाकडे फेरी मारी, तेव्हा त्या घेऊन जाई. पोरं त्याच्याच टेपवर ऐकत. एकदा त्यानं तक्रार केली, की गुरुजी कॅसेटवर आपल्यालाही दटावतात.

"कावून न्हाई दटावायचं?" गुरुजी म्हणाले. "पोरं शिकायलीत आन तुमी मधीच गाणी लावता."

मुकादम हसून दुसरीकडे बघू लागला.

पाढ्यांत रुक्मिण सगळ्यांच्या पुढे. एका हंगामात तिचं लग्न झालं, त्याच टोळीतल्या मुलाशी. पाडव्याला ती ट्रकमधून उतरली आणि डोक्यावरचा पदर सावरत शाळेवरून निघून गेली. पुढच्या दिवाळीनंतर गुरुजींनी कॅसेटवर तिचंही नाव घेतलं आणि थांबले. टेप बंद झाल्यावर मी म्हणालो, गुरुजी, ती आता शाळेत यायची नाही.

"न्हाई येऊ दे. टोळी तीच हाय. भाकरी करता करता कानावर पडत आसंल की." मग टेपमधून कॅसेट काढत म्हणाले, "तिचा सोळाचा पाढा ऱ्हायलाय."

त्यानंतर प्रत्येक कॅसेटच्या शेवटी रुक्मिणीला सोळाचा पाढा विचारलेला असे आणि पुढे नुसती खरखर. दुसऱ्या बाजूवर पोरं उत्तरं भरून पाठवत. त्यांत तिचा आवाज नसे. तरी गुरुजी ती बाजू संपेपर्यंत टेपला कान लावून बसत. घरी जायची त्यांना घाई नसे. घरी कुणी नव्हतं.

ते गेले मुकादमाच्या शेवटच्या फेरीनंतर, त्यामुळे टोळीला ते पाडव्याला इथे उतरल्यावरच कळलं. मुकादमानं टोपी काढली आणि पोरांनी भरलेली शेवटची कॅसेट माझ्या हातात दिली. पोरं दुसऱ्या दिवशी वर्गात आली, बबनसुद्धा.

ती कॅसेट आता माझ्याकडे आहे. पोरांची उत्तरं संपली की तिच्यावर भाकरी थापल्याचा आवाज येतो, तान्हं मूल कुरकुरतं आणि त्या थापांच्या ठेक्यावर रुक्मिण सोळाचा पाढा म्हणते. सोळा सातेपाशी ती अडते. बराच वेळ अडते. तेवढा वेळ मीही काही बोलत नाही.