पाहुण्यांपासून हॉटेलचा बचाव

फोनवर ‘जवळचं हॉटेल’ असं शोधलं, की मालकांचं हॉटेल सतराव्या क्रमांकावर यायचं. हॉटेलच्या पायरीवर उभं राहून शोधलं तरी सतरावंच. वरच्या सोळांत एक टायरचं दुकान होतं, आणि एक हॉटेल तर केव्हाच पाडून झालं होतं. पण त्याला साडेचार तारे होते.

खोल्या रिकाम्या राहू लागल्या तेव्हा मालकांनी मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याने फोनवरचा क्रमांक वर आणण्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला होता. शिवाय तो मोकळाच होता.

“दाजी, आधी फोटो बदला,” मेहुण्याने निदान केलं.

कोपऱ्यातल्या खोलीत नवी चादर अंथरली गेली, फोटो निघाला. खोली फोटोसारखीच राहावी म्हणून तिला कुलूप लागलं. मग इतर खोल्यांतले पाहुणे लिहू लागले, ‘फोटोतली खोली मिळाली नाही.’ तारे आणखी घसरले.

मेहुण्याने आलेख काढला. “बघा. पाहुणा येऊन गेला, की रेघ खाली. पाहुणा नसला, की रेघ सरळ. गळका नळ, डास, गादी हे सगळं गौण आहे, दाजी. मूळ कारण पाहुणा.”

“अरे शहाण्या, पाहुणेच नकोत तर चूल कशावर पेटायची?” मालकीणबाई उशीला अभ्रा चढवत म्हणाल्या.

“ताई, तुला यातलं कळत नाही.”

“मला घर चालवायचं कळतं.”

मालकांना दोघांचंही पटलं. पण आलेख एकाकडेच होता. सगळ्या खोल्यांना कुलपं लागली. अभिप्राय नातेवाइकांनी लिहिले. आयुष्यात कधी उंबरा न ओलांडलेल्या मावशींनी लिहिलं, ‘अगदी घरी असल्यासारखं वाटलं.’ महिन्याभरात हॉटेल पहिलं आलं. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून फोन दाखवू लागले.

एका संध्याकाळी एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला धरून आत आले. “पहिला क्रमांक पाहून आलो. एक खोली द्या.”

“खोली नाही,” मालक म्हणाले.

“अहो, सगळ्या रिकाम्या आहेत!” मालकीणबाई ओरडल्या.

“रिकाम्या आहेत म्हणूनच आपण पहिले आहोत,” मालक हळूच म्हणाले. “आजींची पाठ अवघडली आणि त्यांनी एक तारा कापला तर?”

“मग पहिला क्रमांकच शिजवून खा!” मालकीणबाईंनी म्हातारीची पिशवी उचलली आणि दोघांना समोरच्या लॉजमध्ये नेलं. लॉजवाल्याला खोल्या आवरायला माणूस हवंच होतं. त्या दिवसापासून मालकीणबाई तिथेच कामाला आहेत आणि देशातल्या सर्वोत्तम ‘जवळच्या हॉटेलचा’ मालक त्यांच्या पगारावर जेवतो.

लॉजला तारे नव्हते. लोक तिथे शांत झोपायचे, सकाळी निघून जायचे आणि लिहायचं विसरायचे.

मागच्या सुट्टीत तुम्हीही ते पहिलं हॉटेल पाहिलंत. अभिप्राय वाचलेत, ‘खोल्या शिल्लक नाहीत’ हेही वाचलंत आणि घरच्यांना म्हणालात, “बघा, चांगल्या ठिकाणी जागा कधी मिळते का?” मग नाइलाजाने समोरच्या लॉजमध्ये उतरलात. मालकीणबाईंनी घातलेल्या अंथरुणावर उन्हं वर येईपर्यंत घोरलात. आणि निघताना, जबाबदार ग्राहक म्हणून, लिहून गेलात: ‘ठीक आहे. पण समोरच्या हॉटेलची सर नाही.’ तीन तारे.

लॉजवाल्याने ते वाचलं आणि लगेच मेहुण्याला बोलावून घेतलं.