सदर कुरकुर हा दोष नसून गुण आहे

पंख्यांच्या कंपनीत तक्रार विभाग सांभाळणाऱ्या माणसाने घरातल्या जुन्या वस्तू ऑनलाइन विकायला काढू नयेत. असा काही कायदा नाही. असता तर नामंजूररावांचे पुढचे हाल टळले असते, आणि त्यांच्या तोंडातल्या काही दाढाही आज आपापल्या जागी सुखात असत्या.

नामंजूरराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते कचेरीने दिलेलं. पंखा आवाज करतो अशी तक्रार आली की ते गिऱ्हाइकाला लिहीत, 'आवाज येत आहे, त्या अर्थी पंखा चालू आहे. आपले अभिनंदन.' पंखा मुळीच आवाज करत नाही, कारण तो फिरतच नाही, अशी तक्रार आली की लिहीत, 'आपल्याकडे वीज आहे काय? असल्यास पुरावा जोडावा.' त्यांच्या टेबलावरून पैसे परत गेल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. साहेब लोक त्यांना मानत. गिऱ्हाइकं काय करत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता कचेरीतली सवय माणसाने चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावी की नाही? नामंजूरराव ती घेऊन घरात येत. बायको म्हणाली, नळ गळतोय, तर हे विचारणार, "केव्हापासून? प्रथम कोणाच्या लक्षात आलं? त्या वेळी नळ पूर्ण बंद केला होता का?" उत्तरं देण्यापेक्षा नळाला चिंधी बांधणं सोपं, हे त्या बाईने लवकरच ओळखलं. पुढे पुढे तिने काही सांगणंच सोडून दिलं. घरात एकही तक्रार नाही याचा नामंजूररावांना अभिमान वाटे. (एवढा हुशार माणूस, पण शांतता आणि समाधान यांतला फरक काही त्यांना कळला नाही.)

तर झालं असं, की मुलगी बाळंत झाली आणि बायको तिच्याकडे मदतीला गेली. घरात एकटे पडल्यावर नामंजूररावांना बायकोची आठवण येऊ लागली आणि आठवणीच्या भरात तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटू लागलं. नवऱ्यांच्या बाबतीत ही वेळ धोक्याची असते. बायकोचं शिवणाचं मशीन स्वयंपाकघराच्या बोळकंडीत होतं. तिथे उजेड कमी, ती डोळे बारीक करून सुईत दोरा ओवायची. बाहेरच्या खोलीतल्या खिडकीखालची छान उजेडाची जागा मात्र एका झुलत्या खुर्चीने अडवलेली.

खुर्ची सासऱ्यांची. सासरे गेल्यावर बायकोने ती माहेरून आणली होती. वेत मधोमध सैल पडलेला, हातांचं पॉलिश गेलेलं, आणि पुढे झुललं की कुर्र, मागे गेलं की कर्र. बायको स्वतः कधी तिच्यात बसत नसे. नामंजूरराव बसले की मात्र ती आतून बाहेर यायची आणि म्हणायची, "अहो, उठा बरं त्यातून." म्हणजे हिला त्या कुरकुरीचा त्रास होतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला. एकही प्रश्न न विचारता त्यांनी काढलेला हा आयुष्यातला पहिला निष्कर्ष.

त्यांनी जुन्या वस्तूंच्या ॲपवर खुर्चीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'उत्तम स्थितीतील झुलती खुर्ची.' संध्याकाळच्या आत ती खपली. घेणाऱ्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. टेम्पो आला, खुर्ची गेली, खिडकीखाली मशीन आलं. मशीनवर पडलेलं ऊन बघून नामंजूररावांना स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की ते दोनदा खोलीबाहेर जाऊन नव्याने आत आले.

थोड्याच दिवसांत डॉक्टरीणबाईंचा मेसेज आला.

'नमस्कार. खुर्ची दिसायला सुरेख आहे, पण कुरकुरते. मी ती वेटिंग रूममध्ये ठेवली. आत काहीतरी उपटलं जातंय असं वाटून पेशंट नंबर यायच्या आधीच निघून जातात. आवाजाचा उल्लेख तुमच्या वर्णनात नव्हता. कृपया खुर्ची परत घ्या आणि पैसे परत करा.'

साधा, सरळ मेसेज. दुसरा कोणी असता तर 'बरं' म्हणाला असता. पण तक्रार बघितल्याबरोबर नामंजूररावांच्या अंगात बळ संचारलं. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि लिहिलं, 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे. आम्ही आपले आभारी आहोत.' (घरात एकटे होते, तरी 'आम्ही'.) 'वर्णनात आवाज असल्याचा उल्लेख नव्हता हे खरे. तथापि आवाज नसल्याचाही उल्लेख नव्हता.'

डॉक्टरीणबाईंनी ॲपकडे दाद मागितली. दोन्ही बाजूंनी आपलं म्हणणं मांडायचं आणि ॲपवाले निवाडा करणार, अशी तिथली पद्धत. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. नामंजूररावांनी पत्र लिहायला घेतलं, आणि ते पत्र म्हणजे त्यांच्या सगळ्या नोकरीचा कळस होता.

'सदर कुरकुर हा दोष नसून गुण आहे,' त्यांनी सुरुवात केली. 'नव्या खुर्च्या मुक्या असतात. मुरलेलं लाकूडच बोलतं. हा आवाज ऐकला की घरात कोणीतरी वडीलधारं बसलेलं आहे असा धीर वाटतो. या आवाजावर एका कुटुंबातली लेकरं शांत झोपी गेलेली आहेत. असा आवाज पैसे देऊन मिळत नाही. आपल्याला तो खुर्चीसोबत फुकट मिळाला आहे.'

यातलं लेकरांचं वाक्य त्यांनी चक्क ठोकून दिलं होतं. ते लिहून झाल्यावर स्वतःशीच हसलेही.

ॲपचा निवाडा आला. वर्णनात काही खोटं नव्हतं, सबब परतावा नामंजूर. नामंजूररावांनी तो मोठ्याने वाचला. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून परत वाचला. मग चहा केला, दोन चमचे साखर जास्त घातली आणि खिडकीपाशी उभं राहून प्यायले. बसायला खुर्ची नव्हती.

या विजयाच्या आनंदात दोन-तीन आठवडे गेले, आणि मग बायकोचा फोन आला.

"अहो, आम्ही येतोय. मी, ही आणि बाळ."

"या की. काय विशेष?"

"विशेष काही नाही. बाळ झोपतच नाही. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलंय. काल तर उभ्याउभ्याच डुलक्या घेत होती, बाळ हातात घेऊन. मलाच भीती वाटली. म्हटलं, घरी नेते आणि बाबांच्या खुर्चीत घेऊन बसते. मला ते तशीच झोपवायचे. ती कुरकुर सुरू झाली की मी संपले. ही लहान असतानाही आजोळी त्याच खुर्चीत झोपायची. तुम्ही एक कराल का, तिचा वेत तेवढा विणून घ्याल?"

नामंजूररावांनी खिडकीखालच्या मशीनकडे पाहिलं. "अगं, पण तुला तर तो आवाज आवडत नव्हता. मी बसलो की उठवायचीस."

पलीकडून बाळाचा टाहो ऐकू आला.

"आतून ऐकलं की बाबाच बसलेत असं वाटायचं हो," ती म्हणाली. "मग मी बाहेर यायची. आणि बघते तर तुम्ही."

नामंजूरराव तसेच दवाखान्यात गेले. वेटिंग रूममध्ये ती खुर्ची होती. एक आजोबा गालाला रुमाल बांधून तिच्यात गाढ झोपले होते, आणि झोपेतही पायाने हलकेच झोका देत होते. कुर्र, कर्र. वरच्या भिंतीवर एक कागद फ्रेम करून लावला होता. नामंजूररावांनी जवळ जाऊन पाहिलं. 'सदर कुरकुर हा दोष नसून गुण आहे.'

"तुम्हीच का ते?" डॉक्टरीणबाई आनंदाने म्हणाल्या. "बसा ना. ॲपवाल्यांनी निवाड्याबरोबर पाठवलेल्या तुमच्या पत्राने माझे डोळे उघडले बघा. पहिल्यांदा राग आला. मग म्हटलं, बसून तरी बघू. बसले आणि झोपले. दवाखाना काढल्यापासून पहिल्यांदा दुपारी डोळा लागला. पत्र लावल्यापासून पेशंटसुद्धा आवाजाला घाबरत नाहीत, उलट लवकर येऊन बसतात."

"मी खुर्ची परत न्यायला आलोय," नामंजूरराव म्हणाले. "तुमचे पैसे परत. वर टेम्पोचं भाडंही देतो."

"पण का?"

"ती कुरकुरते हो."

डॉक्टरीणबाईंनी नुसतं भिंतीकडे बोट केलं.

"वेत सैल आहे तिचा."

"बसणाऱ्याला खोलगट जागा मिळते. मला आवडतं."

नामंजूररावांनी आयुष्यात कोणाला केली नव्हती तेवढी विनवणी केली. शेवटी म्हणाले, "माझ्या बायकोच्या वडिलांची खुर्ची आहे ती. तिला न विचारता विकली."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "अरे देवा. मग मी परत देत होते तेव्हा घेतली का नाहीत?"

नामंजूररावांनी आजवर हजारो माणसांना असं निरुत्तर केलं होतं. त्या सगळ्यांना घरी जाताना काय वाटत असेल, हे त्यांना त्या वेटिंग रूममध्ये उभ्याउभ्या कळलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"मला खरंच वाईट वाटतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आता ती खुर्ची माझ्याच्याने सोडवत नाही. तुमच्या घरच्यांनी हवं तेव्हा येऊन बसावं. फक्त एक आहे. बसायला इतकी गर्दी असते की मला नियम करावा लागलाय. ज्याची अपॉइंटमेंट असेल, त्याच्याच माणसांनी खुर्चीत बसायचं."

दुसऱ्या दिवशी तिघी आल्या. बाळ दारापासूनच रडत होतं. बायकोची नजर आधी खिडकीकडे गेली. फरशीवर खुर्चीच्या दोन वाकड्या पायांचे घासलेले पट्टे होते आणि त्यांच्यावर मशीन उभं होतं. ती बघत राहिली.

"उजेड चांगला आहे," ती म्हणाली, आणि हातपाय धुवायला आत गेली.

तिने आदळआपट केली असती तर नामंजूररावांना बरं वाटलं असतं. तासभर वाट बघून ते स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ती बाई परत द्यायला तयार होती?" बायकोने विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही घेतली नाहीत."

"मी जिंकलो," नामंजूरराव म्हणाले. हे वाक्य इतकं वाईट ऐकू येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर येरझाऱ्या घालत होती. बाळाचा टाहो, तिचं थकलेलं "शू, शू", आणि मध्ये कुठेतरी चिंधीतून गळणारा नळ. हे सगळं नामंजूररावांना एकदम ऐकू आलं.

"तू मला कधी सांगितलं का नाहीस, त्या खुर्चीचं?"

"सांगितलं असतं," बायको म्हणाली, "तर तुम्ही पुरावा मागितला असता."

नामंजूररावांनी बाहेर जाऊन फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंकडे अपॉइंटमेंट मागितली. कोणाची, असं विचारल्यावर म्हणाले, माझीच.

"काय होतंय?"

"दुखतंय."

"कुठे?"

नामंजूररावांनी जिभेने सगळ्या दातांवरून एक फेरी मारली. एकही दुखत नव्हता. "तुम्हीच बघा," ते म्हणाले. "तुम्हाला योग्य वाटेल तिथे."

अपॉइंटमेंटच्या दिवशी बायको बाळाला घेऊन वेटिंग रूममधल्या त्या खुर्चीत बसली तेव्हा तिने आधी खुर्चीच्या दोन्ही हातांवरून हात फिरवला. मग पाय टेकवून झोका दिला. कुर्र, कर्र. बाळ रडता रडता थांबलं, कान दिल्यासारखं झालं. शेजारच्या बाकावर मुलगी भिंतीला डोकं टेकून बसली होती. बाळाच्या आधी तिचाच डोळा लागला. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण त्यात राग नव्हता. नामंजूररावांना वाटलं, आपल्याला हे पुन्हा पुन्हा करायला हवं.

म्हणून आता दर आठवड्याला त्यांची अपॉइंटमेंट असते. पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी दात स्वच्छ केले. मग एक दाढ भरली. मग ती नीट भरली नाही म्हणून उकरून पुन्हा भरली. अक्कलदाढांचा तसा काही उपयोग नसतो, असं एकदा सहज निघालं आणि त्या गेल्या. घरचा नळ नामंजूररावांनी स्वतः बसून दुरुस्त केला. कचेरीतही एका म्हाताऱ्या बाईंना पंखा बदलून दिला, तेव्हा साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून प्रकृती विचारली.

परवाचीच गोष्ट. नामंजूरराव आतल्या खुर्चीत आ वासून पडले होते. तोंडात कापूस, नळी आणि डॉक्टरीणबाईंची दोन बोटं. दात कोरायचं मशीन सुरू झालं आणि आयुष्यात प्रथमच एका तक्रारीसाठी त्यांनी स्वतःचा हात वर केला.

"दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आँ," नामंजूरराव कळवळून म्हणाले.

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि बायकोने डोकं आत घातलं.

"डॉक्टर, सावकाश चालू द्या हं, काही घाई नाही," ती हळूच म्हणाली. "आत्ताच झोपलंय. आणि अहो, जरा कमी कुरकुर करा. बाहेरपर्यंत ऐकू येतंय."