दामूअण्णांचं अष्टक

नळावर दोन बायका भांडायला लागल्या की बाकीचे लोक सोडवायला जातात, नाहीतर ऐकायला. आमच्या शेजारचे दामूअण्णा बोटांवर अक्षरं मोजायला जात. ओट्यावर डोळे मिटून उभे राहायचे, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचे, आणि भांडण संपलं की निकाल द्यायचे, "ही पोवाड्याची थप्पी. दोघी आपापल्या माहेरचे पराक्रम सांगताहेत." एकदा त्यातली एक बाई भरती बादली सोडून यांच्यावरच उलटली. म्हणाली, "भिया, तुमच्या गिनतीत माझा नंबर गेला." अण्णांनी तेही मोजलं. थोडं ओढलं तर ओवीत बसेल, म्हणाले.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या मिलच्या चाळीत त्यांची आणि आमची भिंत एक. अण्णा मिलच्या घडी खात्यात होते. विणून आलेलं कापड बघायचं, घडी घालायची आणि जातीप्रमाणे थप्पी लावायची. लठ्ठा लठ्ठ्यावर, मलमल मलमलीवर. सगळी उमर हेच केल्यामुळे असेल, त्यांना जगात काही सुटं पडलेलं चालत नसे. कविता तर अजिबात नाही. कोणी चार ओळी म्हणू लागलं की हात वर करून थांबवायचे, "पहिले थप्पी सांगा." आरती की भूपाळी, अभंग की गौळण, ते कळल्याशिवाय पुढची ओळ ऐकायची नाही. कविता चांगली की वाईट हे मात्र त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. थप्पी लागली की त्यांचं समाधान.

घरात ते आणि मुलगी वसू, दोघंच. वसूची आई ती लहान असतानाच गेली. दुसरं लग्न करा म्हणून पुष्कळांनी सांगितलं. अण्णा म्हणाले, ती थप्पी बंद झाली.

आमच्याकडच्या मराठी घरांत लग्न ठरलं की हॉल मिळायच्या आधी लोक अण्णांकडे यायचे. अंतरपाट धरल्यावर भटजींच्या मंगलाष्टकांनंतर घरचं एखादं अष्टक म्हणायची पद्धत आहे. त्यात नवरानवरीची नावं, आईवडिलांची नावं, आजोबा हयात असले तर त्यांचंही नाव गुंफायचं, आणि गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटायचं. अण्णा ते शार्दूलविक्रीडितात करून द्यायचे. एका ओळीत एकोणीस अक्षरं, कमी नाही, जास्त नाही. नाव मावलं नाही तर नावाला कापायचे. एका चंद्रशेखरचा चंद्र वरच्या ओळीत राहिला आणि शेखर खाली आला. त्याच्या आईला ते आवडलं नाही. अण्णांनी तिला समजावलं की वृत्त मोडता येत नाही, मुलाला घरी काहीही म्हणा.

मग मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग फाटकाला कुलूप. आमचे हे सियागंजात एका गोदामावर लागले. अण्णांनी काय करावं, तर दारावर पाटी लावली, "काव्यप्रकार परिचय वर्ग". दुपारी तीन वाजता, ओट्यावर, सगळ्यांना प्रवेश.

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. वसू आमच्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही बसा ना. नाही तर बाबा एकटेच बोलतील." मी गेले. तेवढ्यात मिलचे जुने चौकीदार रामचरणजी भजन आहे समजून येऊन बसले. ते शेवटपर्यंत तसंच समजत होते. असा दोन जणांचा वर्ग सुरू झाला.

अण्णांना कविता कापडावाचून सांगता येत नसे. श्लोक म्हणजे खळ दिलेला लठ्ठा, घडी मोडत नाही. ओवी म्हणजे घरात नेसायचं लुगडं, तीन निऱ्या सारख्या आणि चौथी आखूड. अभंग म्हणजे मांजरपाट, जितका धुवाल तितका मऊ. पोवाडा म्हणजे फेटा, बांधला की माणूस उंच दिसतो. गझल म्हणजे कटपीसचा गठ्ठा, तुकडा तुकडा निराळा पण किनार सगळ्यांना एकच. सुनीत बाहेरगावाहून आलेलं, चौदा ओळींचं, टेबलावर घालायच्या कापडासारखं, माप ठरलेलं. लावणी आली की ते वसूला चहा करायला आत पाठवायचे आणि भिंतीकडे बघून मला सांगायचे, "वहिनी, ही थप्पी वरच्या फळीवर असते." एवढंच. त्यामुळे लावणी मला अजून आलेली नाही.

मुक्तछंदापाशी त्यांचा आवाज पडायचा. "याला किनारच नाही. धागे सुटतात."

रामचरणजींनी विचारलं, "तो फिर पहनते कैसे हैं?"

अण्णांनी पुष्कळ विचार केला. "पहनते नहीं, ओढते हैं."

मला तेव्हा वाटलं, आपल्याला समजलं. पण पुढच्या आठवड्यात अभंगाचं धोतर झालं आणि मांजरपाट ओवीकडे गेला. मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, माल बदलला की थप्पी बदलते. मग मला काहीच कळेना. गौळणीत कृष्ण असतो तर भारुडात का नसतो, आरती देवाची तर भूपाळी कुणाची, आणि दोन्ही देवाच्याच तर दोन थप्प्या कशाला. एकदा कापड मार्केटात परकराचं कापड घ्यायला गेले आणि दुकानदाराला म्हणाले, दोन मीटर अभंग द्या. तो म्हणाला, "बेनजी, मंदिर आगे है." त्यानंतर मी त्या गल्लीत गेलेली नाही.

अशातच वसूचं लग्न ठरलं. मुलगा सांवेरचा, ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान, माणसं साधी. मिल बंद असताना अण्णा देणार काय, हे त्यांनाही माहीत होतं आणि त्यांनी काही मागितलं नाही. मागितलं ते वसूने. मी तिथेच गहू निवडत बसले होते. ती म्हणाली, "बाबा, मला सोनं-बिनं काही नको हां. पण सगळ्या इंदूरच्या पोरींना अष्टक दिलंत. माझं लयीत म्हणा, स्वतः म्हणा, आणि सगळ्यांत भारी पाहिजे."

अण्णा म्हणाले, हे तर माझ्या डाव्या हाताचं काम.

ते होईना. रोज दुपारी वर्ग बंद ठेवून लिहायला बसायचे आणि रोज संध्याकाळी कागद चुलीत जायचा. वसुंधरा हे नाव शार्दूलविक्रीडितात सहज बसतं, असं तेच म्हणायचे, आणि बसवायला गेले की ओळ अडायची. एक दिवस मला बोलावून वाचून दाखवलं. मी म्हटलं, छान आहे, पण रडू येतं. ते म्हणाले, म्हणजे ही विलापिका झाली, विलापिका लग्नात चालत नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं ते आरतीसारखं झालं. पोरीची आरती कशी करणार? तिसऱ्यांदा तर पोवाडा निघाला, त्यात वसूने एकटीने गॅसची टाकी नाक्यावरून उचलून घरी आणल्याचं वर्णन होतं. लग्न चार दिवसांवर आलं. गुलाबी कागद छापायला द्यायचा राहिला. वसू विचारायची, झालं का? अण्णा म्हणायचे, घडी घालतोय.

मला मात्र सांगितलं, "वहिनी, बाकी पोरींची नावं नुसती नावं होती. हिचं नाव घेतलं की मोजायचं राहून जातं."

मी म्हटलं, थोडं ओढलं तर बसेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घरी येऊन कणीक मळायला घेतली.

छत्रीबागेतल्या धर्मशाळेत लग्न होतं. कागद कोणाला मिळाला नाही. भटजींची अष्टकं झाली, प्रत्येकाच्या शेवटी सावधान आलं, अक्षता पडल्या. मग भटजींनी माईक अण्णांकडे दिला. अंतरपाटाच्या एका बाजूला सांवेरचा मुलगा, दुसऱ्या बाजूला वसू, मान खाली. मी अगदी तिच्या मागे उभी होते.

अण्णांनी खाकरून सुरुवात केली. पहिले चार शब्द शार्दूलविक्रीडिताचेच होते, एवढं मलाही कळलं. मग ते थांबले. मांडवभर लोक अक्षतांच्या मुठी धरून उभे. आणि अण्णा हळू आवाजात म्हणू लागले,

कापूस पिंजला, जो जो रे,
सूत कातलं, जो जो रे,
कापड विणलं, वसूला शिवलं,
जो जो रे बाळा, जो जो रे.

हा पाळणा मी भिंतीतून कितीतरी वर्षं ऐकला होता. अण्णांची रात्रपाळी असायची, पोरीला निजवूनच कामावर निघावं लागे. त्यांनी तो स्वतःच रचला होता आणि कोणत्याच लग्नात, कोणत्याच वर्गात कधी म्हटला नव्हता.

मांडवात सगळा गोंधळ झाला. सावधान तर येईना, मग अक्षता टाकायच्या कधी? काहींनी जो जो वर टाकल्या, काहींनी त्यांच्याकडे बघून टाकल्या, काहींनी टाकलेल्या उचलून परत मुठीत धरल्या. बँडवाल्याने दोनदा काठी उचलली आणि खाली ठेवली. मुलाच्या मामांनी मला विचारलं, हे तुमच्याकडचं अष्टक आहे का, आणि मी हो म्हटलं. रामचरणजी डोळे मिटून टाळ्या वाजवत होते.

अष्टकाला शेवट असतो. पाळण्याला नसतो, मूल झोपेपर्यंत तो म्हणायचा असतो. अण्णा म्हणत राहिले. कापूस परत पिंजला, सूत परत कातलं. भटजी घड्याळाकडे बघायला लागले, मुहूर्त सरकत होता. त्यांनी अण्णांच्या खांद्याला हात लावला, तो अण्णांना कळलासुद्धा नाही. माईक तोंडाशी धरून, अंतरपाटाकडे बघत, ते तिसऱ्यांदा कापसापाशी आले.

वसूने मुंडावळ्या बाजूला केल्या. मान वर न करता, अगदी रोजच्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, झोपले मी."

अण्णा गप्प झाले. माईक त्यांनी इतका हळू खाली ठेवला, की त्याचा जरासुद्धा आवाज झाला नाही. मग पावलं न वाजवता ते दोन पावलं मागे सरकले, आणि भटजींना खुणेने सांगितलं, आता म्हणा.